बीसी१२५एटी स्कॅनरला नवा अँटेना: आधी लांबी मोजा, डीबीआय नंतर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता. युनिडेनचा बीसी१२५एटी स्कॅनर (वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी चाळत बोलणं ऐकवणारा हातातला रेडिओ) आहे, त्याचा मूळ रबरी अँटेना बुडाशी चिरलाय आणि आवाज मधूनच खरखरतो. न्यूअर्कची विमानं, अ‍ॅमट्रॅकच्या गाड्या आणि हवामानाचं बुलेटिन ऐकायचंय. ऑनलाइन '१५ डीबीआय' (डीबीआय म्हणजे अँटेन्याचा गेन, सिग्नल गोळा करायची ताकद, मोजायचं एकक) लिहिलेला एसएमए (छोट्या आट्यांच्या कनेक्टरचा) अँटेना कन्व्हर्टरसकट स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का?

घेऊ नका. पण पैसे खर्च करण्याआधी दोष अँटेन्यातच आहे का, हे तपासा. हवामान केंद्र लावा. अमेरिकेत ती १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान सात चॅनेलवर असतात आणि चोवीस तास चालू असतात. आवाज चालू असताना अँटेना मुळाशी दोन बोटांनी हलकेच हलवा. खरखर आली की अँटेना काढा आणि त्याच्या जागी साधी तार लावून बघा. ४४ सेंटीमीटर तार घ्या, एका टोकाचं पाऊण सेंटीमीटर आवरण सोला आणि ते टोक स्कॅनरच्या बीएनसी सॉकेटच्या (अँटेना फिरवून बसवायचं गोल तोंड) मधल्या भोकात अलगद सरकवा. तार १ मिलिमीटर जाडीची पुरे. बीएनसीची पिन साधारण १.३५ मिलिमीटरची असते. त्याहून जाड तार कोंबली तर आतल्या पाकळ्या फाकतात आणि पुढे चांगला अँटेनासुद्धा नीट टेकत नाही. तारेवर आवाज स्थिर असेल तर अँटेनाच गेला. तार लावूनही सॉकेट हलवल्यावर खरखर येत असेल तर आतला सोल्डरचा डाग सुटलाय, मग नवा अँटेना घेऊन काही होणार नाही.

मल्टिमीटरवाल्यांसाठी एक सूचना. पिन आणि बाहेरचं कडं यांच्यात काही अँटेन्यांमध्ये मीटर सरळ शॉर्ट दाखवतो. बुडाशी जुळणीची कॉइल असली की डीसीला ती शॉर्टच दिसते. तेवढ्यावरून अँटेना फेकू नका.

आता तुमचा स्कॅनर काय ऐकू शकतो ते बघू. बीसी१२५एटीला २५–५४, १०८–१७४, २२५–३८० आणि ४००–५१२ मेगाहर्ट्झ एवढंच येतं, तेही अ‍ॅनालॉग. न्यू जर्सीची राज्यव्यापी यंत्रणा ७०० मेगाहर्ट्झच्या डिजिटल ट्रंकिंगवर (चॅनेल आपोआप वाटून देणारी संगणकी पद्धत) आहे. ती या स्कॅनरवर कुठल्याही अँटेन्याने येणार नाही. पोलीस ऐकू येत नाहीत म्हणून अँटेना बदलायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. तुमच्या यादीतल्या तिन्ही गोष्टी मात्र या स्कॅनरच्या अगदी आवाक्यातल्या आहेत. विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर एएममध्ये बोलतात, त्यालाच एअरबँड म्हणतात. रेल्वे १६०–१६१ च्या आसपास एफएमवर असते, आणि तुमच्या दारावरून जाणाऱ्या नॉर्थईस्ट कॉरिडॉरवर अ‍ॅमट्रॅकचं मुख्य चॅनेल १६०.९२० आहे. हवामान १६२ वर.

अँटेना निवडताना सगळ्यात जास्त वजन लांबीला द्या. हातातल्या स्कॅनरचा अँटेना सहसा पाव तरंगलांबीचा असतो. हिशेब सोपा आहे: ७१३० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर सेंटीमीटरमध्ये येतं. (मोकळ्या हवेत हा आकडा ७५०० असतो. धातूच्या दांड्यासाठी पाच टक्के कापायचे.) एअरबँडचा मध्य १२७ धरला तर ५६ सेंटीमीटर. रेल्वे आणि हवामानाला ४४. लष्करी विमानं ३०० च्या आसपास, त्यांना २४. आणि ४६० च्या यूएचएफला साडेपंधरा.

आता मूळ रबरी अँटेन्याकडे बघा, तो वीतभरही नाही. त्यात तार स्प्रिंगसारखी गुंडाळून लांबी भरून काढलेली असते. त्यामुळे तो वाकतो, खिशात बसतो, पण सिग्नल कमी गोळा करतो आणि मधल्या एका छोट्या पट्ट्यातच नीट चालतो. चांगला पूर्ण लांबीचा अँटेना लावला की फरक लगेच कानावर येतो, खासकरून एअरबँडवर. त्या अँटेन्यात जादू काही नाही, तो फक्त योग्य लांबीचा असतो.

याच हिशेबाने '१५ डीबीआय'ची गोष्टही समजते. साध्या अर्ध्या तरंगाच्या डायपोलचा (दोन समान दांड्यांचा अँटेना) गेन २.१५ डीबीआय असतो. हातातल्या स्कॅनरवरचा पाव तरंगाचा दांडा त्याच्याही खाली राहतो, कारण त्याची दुसरी बाजू म्हणजे स्कॅनरचा छोटासा साचा आणि तुमचा हात. १५ डीबीआय खरंच हवे असतील तर १४५ मेगाहर्ट्झला कित्येक मीटर लांब दांड्यावर (बूम) आडव्या काड्या बसवलेली यागी लागते. वीतभर रबराच्या नळीवर तो आकडा छापलेला असला तर त्या विक्रेत्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका.

दुसरा मुद्दा कनेक्टरचा, आणि लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. तुमच्या स्कॅनरवर बीएनसीचं मादी सॉकेट आहे. अँटेन्याला बीएनसी नर हवा: दाबून पाव फेरा फिरवला की कट्‌ करून बसतो तो. एसएमए अँटेना कन्व्हर्टर लावून चालतो, पण मग दोन सांधे एकावर एक येतात आणि वर ४० सेंटीमीटरचा दांडा तरफेसारखा हलत राहतो. कंबरेला स्कॅनर असताना दाराच्या चौकटीला तो एकदा अडकला की सगळा जोर सॉकेटच्या डागांवर येतो. तुमच्याकडे आयता बीएनसी असताना हे ओढवून घेऊ नका.

ज्यांच्याकडे एसएमएवाले स्कॅनर आहेत, उदाहरणार्थ एसडीएस१००, त्यांनी अँटेन्याच्या बाजूला पिन आहे ना, हे बघून घ्यावं. बाओफेंगच्या वॉकी-टॉकीसाठी म्हणून विकले जाणारे अँटेने नेमके उलटे असतात, त्यांच्यात भोक असतं. वायफायचे अँटेने आणखी वेगळे, त्यांना रिव्हर्स पोलॅरिटी एसएमए म्हणतात. हे वायफायचे आट्यांवर छान बसतात, पण आत भोकासमोर भोक येतं आणि काहीच टेकत नाही. 'नवा अँटेना जुन्यापेक्षाही वाईट' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं.

मग घ्यायचं काय? तुमच्यासाठी दोन अँटेने सुचवतो, कारण घरात बसून ऐकणं आणि हिंडताना ऐकणं या दोन वेगळ्या गरजा आहेत.

घरासाठी बीएनसीचा टेलिस्कोपिक दांडा. पूर्ण उघडल्यावर तो किमान ६० सेंटीमीटर भरला पाहिजे, हे वर्णनात आधी वाचा. बाजारात ३० सेंटीमीटरचेही भरपूर असतात आणि फोटोत लांबी कळत नाही. तुम्हाला ५६ आणि ४४ असे दोनच आकडे लागतात. मोजपट्टी धरून दांडा ५६ ला उघडा, तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. मग ४४ ला आणा, तिथे दुसऱ्या रंगाचा ठिपका. पुढे एअरबँडवरून रेल्वेवर जाताना अंदाज बांधत बसावं लागत नाही. बुडाशी कोपरासारखा वाकणारा सांधा असेल तर तो घट्ट आहे ना, हे बघा. ढिला कोपरा महिनाभरात दांड्याच्या वजनाने पडायला लागतो. दांडा बंद करताना टोकावर दाबू नका, मधल्या नळ्या वाकतात. हाताने एकेक टप्पा आत घ्या.

हिंडताना डायमंडचा आरएच७७सीए बघा. तो बीएनसीचा, सुमारे ४० सेंटीमीटरचा, बारीक आणि लवचिक आहे. मुळात तो हौशी रेडिओवाल्यांच्या १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झसाठी बनलेला आहे, त्यामुळे रेल्वे आणि हवामानाला फार छान. एअरबँडवर टेलिस्कोपिकच्या थोडा मागे, पण मूळ रबरीच्या बराच पुढे. एसएमएवाल्यांसाठी त्याचंच भावंड एसआरएच७७सीए आहे. नावाजलेल्या अँटेन्यांची बनावट प्रत भरपूर फिरते, म्हणून अर्ध्या किमतीत मिळाला तर घेऊ नका. रेडिओचं सामान विकणाऱ्या ओळखीच्या दुकानातूनच मागवा.

पैसे खर्चायचेच नसतील तर अँटेन्याला शेपूट लावा. वर म्हटलं तसं, स्कॅनरचा साचा हीच अँटेन्याची दुसरी बाजू, आणि ती एअरबँडसाठी फारच तोकडी पडते. ५६ सेंटीमीटर बारीक लवचिक तार घ्या, एक टोक सोलून बीएनसीच्या बाहेरच्या कड्याभोवती एक वेढा घट्ट बसवा आणि बाकीची तार खाली लोंबू द्या. सोललेलं टोक मधल्या पिनला लागता कामा नये, एवढंच सांभाळा. क्षीण येणारं विमान बऱ्याचदा एवढ्यावरच स्पष्ट होतं.

अँटेना कायम उभा धरा. विमानं, रेल्वे, बोटी, सगळ्यांचं प्रक्षेपण उभ्या ध्रुवणाचं असतं, म्हणजे लहरी वर-खाली डोलतात. स्कॅनर टेबलावर आडवा ठेवून 'सिग्नल नाही' म्हणणारे पुष्कळ आहेत. कंबरेला लावला तर शरीर एका बाजूचा सिग्नल खातं. घरात खिडकीजवळ ठेवा, पण काचेवर धातूचा पातळ थर असलेल्या नव्या खिडक्या सिग्नल अडवतात. तसं वाटलं तर खिडकी उघडून फरक बघा. आणि फोनचा चार्जर, एलईडी दिवा, राउटर यांच्यापासून तो दोन-तीन हात लांब ठेवा. एअरबँड एएम असल्यामुळे त्यांची भिणभिण सरळ आवाजात मिसळते. बरेच जण अँटेना बदलत राहतात आणि दोष शेजारच्या चार्जरचा असतो.

'वैमानिक ऐकू येतात, टॉवर नाही' असं तुम्ही लिहिलंय. यात अँटेन्याचा दोष थोडाच आहे. या फ्रीक्वेन्सी जवळजवळ सरळ रेषेत जातात. अंतराचा ढोबळ हिशेब: उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला ४.१२ ने गुणा, किलोमीटर मिळतात, आणि दोन्ही टोकांची बेरीज करा. १०,००० मीटरवरचं विमान ४१२ किलोमीटरपर्यंत पोचतं. पण जमिनीवरचा २५ मीटर उंचीचा अँटेना साडेवीस किलोमीटर, आणि तुम्ही दुसऱ्या मजल्यावर ९ मीटरवर असलात तर तुमचे साडेबारा. म्हणजे एकूण ३३, तेही मध्ये इमारती नसतील तर. एडिसन आणि न्यूअर्क विमानतळ यांच्यात तुम्ही याच सीमारेषेच्या आसपास बसता. इथे दोन मजले वर जाणं कुठल्याही महाग अँटेन्यापेक्षा जास्त कामाचं. वर जाता येत नसेल तर ५६ सेंटीमीटरच्या दोन तारांचा उभा डायपोल वरच्या मजल्याच्या खिडकीत टांगा आणि ५ मीटर आरजी-५८ केबलने स्कॅनरपर्यंत आणा. एवढ्या केबलमध्ये एअरबँडला साधारण एक डेसिबल जातो, तो सहज परवडतो. केबल तारांना काटकोनात थोडं अंतर जाऊ द्या, मग खाली वळवा.

मोठ्या अँटेन्याचा एक तोटा आधीच सांगून ठेवतो. तो नको असलेलंही जास्त आणतो. न्यूयॉर्कची बरीच एफएम केंद्रं एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चालतात, आणि एफएमचा ८८–१०८ चा पट्टा एअरबँडला खेटून आहे. नवा अँटेना लावल्यावर विमानांच्या मागे गाणी किंवा जाहिराती ऐकू आल्या, किंवा आधी येणारी क्षीण स्टेशनं उलट गायब झाली, तर स्कॅनर भरून गेलाय असं समजा. आधी टेलिस्कोपिक अर्धा बंद करून बघा. गडबड एकदम थांबली आणि विमान मात्र येत राहिलं तर निदान पक्कं. सिग्नल कमी करणारा १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावला तर खरा सिग्नल १० ने उतरतो, पण जोरदार सिग्नल एकमेकांत मिसळून स्कॅनरच्या आत तयार होणारी तिसऱ्या क्रमाची भेसळ ३० ने. कायमचा इलाज म्हणजे बीएनसीचा एफएम नॉच फिल्टर (फक्त एफएमचा पट्टा अडवणारा), अँटेना आणि स्कॅनरच्या मध्ये.

कायद्याचं दोन ओळींत. न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या फ्रीक्वेन्सी घेऊ शकणारा रिसीव्हर गाडीत बाळगण्यावर बंधन आहे. एडिसनहून पलीकडे जाताना हे लक्षात असू द्या. आणि सुट्टीत पुण्या-मुंबईला येताना स्कॅनर घरीच ठेवा. भारतात असा रेडिओ संच परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाही.

नवा अँटेना आला की तुलना कानाच्या आठवणीवर सोडू नका. एकच जागा, एकच उंची, स्कॅनर उभा, आणि क्षीण येणारं एखादं हवामान चॅनेल. जुना अँटेना लावून आवाज बंद होईपर्यंत स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी पातळी) हळूहळू वाढवा आणि कुठे बंद झाला ते लिहून ठेवा. मग स्कॅनर तिथेच ठेवून नवा लावा आणि तेच करा. स्क्वेल्च जितका जास्त वाढवावा लागेल तितका सिग्नल चांगला. असं तीनदा करा, कारण नुसतं अर्धा हात सरकल्यानेही आकडा बदलतो. हवामान चॅनेलवर ४४ ची खूण वापरा. एअरबँडसाठी ५६ ला उघडून विमानतळाच्या एटिसवर (वैमानिकांसाठी हवामान आणि धावपट्टीची ध्वनिमुद्रित माहिती) हीच परीक्षा पुन्हा घ्या, तीही सतत चालू असते. तिन्ही वेळा जुन्या-नव्यात फरक दिसला नाही तर पावती सांभाळून ठेवली असेलच, आठवड्याच्या आत परत करा.