पेशंट हॉस्पिटलवर खुश की नाराज, हे नक्की कशावरून ठरतं?

औषधपाण्यावरून कमी आणि वागणुकीवरून जास्त ठरतं, असा माझा तरी अनुभव आहे. कारण ऑपरेशन कसं झालं हे आपल्याला थोडंच कळतंय, पण डॉक्टरांनी मान वर करून बघितलं का, नर्स वसकन अंगावर आली का, हे लगेच कळतं.

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, एकदम व्यवस्थित, पण घरी आल्यावर ते काय सांगत बसले तर डिस्चार्जचं! सकाळी 10 ला डॉक्टर म्हणाले घरी जा, मग फाईल बिलिंगला, तिथून टीपीएकडे (म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था), आणि बाबा कपडे बदलून, हाताला सलाईनची पट्टी तशीच, बेडच्या कडेला संध्याकाळपर्यंत बसून. कोणी येऊन 'काका, अजून दोन तास लागतील' एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. खरंतर विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने 2024 मध्येच सांगितलंय की कॅशलेसमध्ये, म्हणजे बिल विमा कंपनी परस्पर भरते तेव्हा, हॉस्पिटलने कळवल्यापासून डिस्चार्जची मंजुरी कंपनीने 3 तासांत द्यायची, उशीर झाला तर वरचा खर्च विमा कंपनीचा.

दुसरं म्हणजे पैसे. बिल मोठं असलं तरी आधी सांगितलेलं असेल तर माणूस तेवढा चिडत नाही, शेवटी ग्लोव्हज-कापसाचे वेगळे लावले की डोकं फिरतं. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनुसार खाजगी हॉस्पिटलने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते, अ‍ॅडमिट व्हायच्या आधी बघून घ्या, नसेल तर बिनधास्त विचारा.

सरकारी दवाखान्यात माणूस वैतागतो तो रांगेला आणि संडासाला. बाकी तिथले डॉक्टर बरेचदा चांगलेच असतात.