आठ फुटी शिडाची होडी घरी बांधताना: जाड प्लाय नको, पीळ सांभाळा

अंगणात मुलीसोबत आठ फुटी शिडाची होडी बांधायची आहे आणि सुतारकाका १२ मिमीचा कमर्शियल प्लाय घ्या म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. काकांचा हिशेब कपाटाचा आहे, होडीचा नाही. ६ मिमी पुरे. ८ बाय ४ ची ६ मिमीची शीट साधारण १२ किलो भरते, १२ मिमीची दुप्पट. होडी पाण्यापर्यंत न्यायला मग चार माणसं शोधावी लागतात. प्लाय मात्र मरीनच (पाण्यात टिकणारा) घ्या, त्याच्या भारतीय मानकाचा, म्हणजे आयएस ७१० चा, शिक्का बघून. तरी कोपऱ्याचा एक तुकडा कापून चार तास उकळाच. थर सुटले तर शीट परत.

पद्धत शिवणीची धरा. कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने तुकडे जोडायचे (जुन्या वायरिंगमधली एकेरी तार चालते) आणि आतून इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा, घट्ट धरणारा डिंक) भरायचं. १९६२ मधली इंग्लंडची 'मिरर' होडी हौशी माणसाला घरी बांधता यावी म्हणूनच अशी आखली होती, आणि तशा हजारो झाल्या. शिवलेली होडी आपल्या किनाऱ्यालाही जुनीच. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज काथ्याने शिवलेलं आहे. तिथे टाके कायम राहतात, आपले मात्र इपॉक्सी धरेपर्यंतच.

आता खरी चुकायची जागा. टाके घालून झाले की होडी कागदासारखी पिळते, आणि नुसत्या नजरेला ते कळत नाही. माझी पहिली होडी उताराच्या ओट्यावर चिकटवली गेली. ती शेवटपर्यंत डावीकडे ओढायची, आणि इपॉक्सी धरल्यावर त्यावर इलाज नव्हता. म्हणून एक सरळ पट्टी नाळेजवळ (होडीच्या पुढच्या टोकाजवळ) आडवी ठेवा, दुसरी मागच्या फळीवर. चार पावलं मागे जा, एक डोळा मिटा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसेपर्यंत खाली पाचरी सरकवत राहा. यात अख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या. मग टाक्यांच्या मधे थोडं थोडं इपॉक्सी लावा, ते धरलं की तारा काढा, आणि मैद्याच्या चाळणीतून चाळलेला लाकडाचा भुसा इपॉक्सीत कालवून सांधा चमच्याच्या पाठीने गोल भरा. वर फायबरची पट्टी, आतून आणि बाहेरूनही.

इपॉक्सीचं काम दसऱ्यानंतर काढा. दमट हवेत त्यावर चिकट साय धरते. ती आधी पाण्याने घासून धुवायची, मगच पॉलिशपेपर, नाहीतर पुढचा थर सुटतो. उन्हाळ्यात पेल्यात जास्त कालवलंत तर ते तापून धूर सोडतं. थोडंच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता.

होडी उलटली तरी तरंगावी म्हणून पुढे-मागे हवाबंद कप्पे पाहिजेतच. फुंकणीने हलकी हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा; बुडबुडा आला तिथे गळती. आणि पहिल्या दिवशी शीड चढवण्याआधी होडी कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम उलटी करा, आणि लाइफ जॅकेट घातलेल्या मुलीकडूनच ती सरळ करून घ्या.