ऐकू कमी येणाऱ्या सहकाऱ्याशी किंवा विद्यार्थ्याशी मोठ्याने बोललं की पुरतं का?

नाही, आवाज चढवून फारसं साधत नाही. समोर उजेडात उभं राहून नेहमीच्या वेगाने बोला आणि महत्त्वाचं लिहून द्या. ओरडताना ओठांचा आकार बिघडतो, श्रवणयंत्रातही आवाज फाटून येतो. ओठ वाचणं हे निम्मं अंदाजाचंच काम असतं. आरशासमोर आवाज न काढता ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ म्हणून पाहा, तिन्ही सारखेच दिसतील. त्यात शिकवणारा फळ्याकडे तोंड करून बोलला की तोही आधार जातो. दिवसभर असं तुकडे जोडत ऐकणारा माणूस संध्याकाळी पार थकलेला असतो आणि लोक म्हणतात, ‘याला रसच नाही.’ हे फार अन्यायाचं आहे. मुद्दे आदल्या दिवशी पाठवा, एका वेळी एकानेच बोला, ऑनलाइन बैठकीत कॅप्शन सुरू ठेवा. ‘जाऊ दे, नंतर सांगतो’ हे तर कधीच म्हणू नका. ही मेहेरबानी नव्हे: संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारानुसार वाजवी सोय, म्हणजे त्या व्यक्तीच्या गरजेनुसार सहज करता येण्याजोगा बदल, नाकारणं हा भेदभावच आहे. मात्र सगळ्यांची गरज एकच नसते, कुणाला खुणांच्या भाषेचा दुभाष्या लागतो तर कुणाला फक्त पुढची जागा; तेव्हा आधी त्या व्यक्तीलाच, चारचौघांत नव्हे, विचारा.