गॅरेजसाठी महागडे पाने घ्यावेत का?
भाऊ, नागपुरात बाइकचं गॅरेज टाकतोय, स्नॅप-ऑन या महागड्या अमेरिकन कंपनीच्या हत्यारांचा अख्खा सेट घेऊ का, असं विचारलंत. अख्खा नका घेऊ. रिंग पाने, पक्कड टपारिया या देशी कंपनीची घ्या, इतवारीत मिळतात. पैसा घालायचा तो सॉकेट (बोल्टच्या डोक्यावर बसणारी वाटी) आणि रॅचेट (ती फिरवणारा दांडा) यांवर. गंजलेला 10 मिमीचा बोल्ट स्वस्त, आतून बारा कोनी सॉकेटने फिरवला की डोकं गोल होतं, मग बसा ड्रिल मारत. सहा कोनी सॉकेटचा जोर बोल्टच्या सपाट बाजूंवर येतो, कोपरे वाचतात. (हे मी सायलेन्सरच्या नटवर शिकलो, तेही भर मे महिन्यात.) अमेरिकेत स्नॅप-ऑनची व्हॅन गॅरेजच्या दारात येते, मोडलेलं हत्यार तिथेच बदलून मिळतं. इथे ते कोण बदलून देणार, हे दुकानदाराला आधी विचारा.