आधी भार कुठंय ते बघ

तुझी अलीकडची स्केचेस पाहिली. हात सुटलाय, रेषेतली भीती गेलीय, याचा खरंच आनंद झाला. पण माणसं जमिनीवर उभी वाटत नाहीत, तरंगतात. तू डोक्यापासून सुरुवात करतोस आणि नाक-डोळ्यांतच सगळा वेळ जातो.

माणूस एका पायावर रेलून उभा राहिला की त्या बाजूचं कमरेचं हाड वर सरकतं आणि खांदा बहुधा त्याच बाजूला खाली येतो. आधी या दोन तिरक्या रेषा टाक. मग गळ्याच्या खळगीतून मनातल्या मनात ओळंबा, म्हणजे सरळ खाली जाणारी उभी रेष, सोड. सगळा भार एकाच पायावर असेल, तर ओळंबा त्या पायाच्या घोट्याजवळ यायला हवा. नाही आला तर चेहऱ्याकडे वळूच नकोस, आधी पाय हलव.

माणसाची उंची साधारण साडेसात डोकी, म्हणजे त्याच्याच डोक्याच्या उंचीच्या साडेसात पट, हे लक्षात ठेव, पण प्रत्येकावर लादू नकोस. लहान मुलांना तर ते लागूच होत नाही.

वर्गातल्या मॉडेलवर भागत नाही. सीएसएमटीला किंवा दादरच्या फूलबाजारात जाऊन बस. लोक थांबत नाहीत, म्हणून तीस सेकंदांत फक्त पाठीचा बाक आणि पाय पकड. जमलं तर चित्रकार एम. व्ही. धुरंधर (1867–1944) यांच्या चित्रांतल्या नऊवारीतल्या बायका बघ. निऱ्यांआडचा गुडघा कुठे वाकलाय ते कळतं.

कागद स्वस्तातला न्यूजप्रिंट घे, म्हणजे वाया जायची धास्ती राहत नाही. खोडरबर सध्या घरीच ठेव.