पान तेच, आकडा वेगळा काऊन?

प्रश्न: नमस्कार सर, मी कुरखेडा तालुक्यातली, बॉटनीत एमएस्सी करून राहिली. कॉलेजच्या हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या) पळसाच्या शीटा आहेत, म्हणजे कागदावर चिकटवलेली पानं, त्यावर हॅलोजनचा दिवा लावून १८ चॅनेलवाल्या, म्हणजे प्रकाशाचे १८ पट्टे वेगवेगळे मोजणाऱ्या सेन्सरनं पान किती प्रकाश परत फेकते ते मोजते. एकाच जागी दहादा बटन दाबलं तर दहाही आकडे सारखे, पण सकाळचा आकडा दुपारी येतच नाही. सेन्सर बिघडला का?

उत्तर: सेन्सरला दोष नका देऊ ताई. दहा आकडे सारखे आले म्हणजे त्या मिनिटभरात काही हललं नाही, एवढंच. आता असं करा, सेन्सर उचला, परत त्याच जागी ठेवा अन् मोजा, असं पाचदा, मग बघा किती फरक पडते. तुमच्या मोजमापातली खरी चूक तेवढी समजा. पळसाचं पान काही गुळगुळीत कागद नाही, मधी शीर आली, डिंकाचा डाग आला की आकडा गेलाच, अन् खालून तर रेशमी लव असते. शीटवर एखादं पान मुद्दाम उलटं चिकटवतात, खालची बाजू दिसावी म्हणून, तेव्हा कोणती बाजू मोजली ते वहीत लिहाच. पळसाला पानं तीनच, त्यातलं मधलं मोठं तेच दर वेळी घ्या, शिरा सोडून.

सकाळ-दुपारची भानगड मला तर दिव्याचीच वाटते. हॅलोजन लावल्या लावल्या मोजू नका, अर्धा तास तापू द्या, लाइन गेली तर परत अर्धा तास (आपल्याकडं हे व्हायचंच). व्होल्टेज उतरलं की उजेड तर कमी होतेच, वरून लालसरही होते, म्हणून दर दहा मिनिटांनी तुलनेसाठी एक पांढरं मोजायचं. पांढरं म्हणजे झेरॉक्सचा कागद नाही बाप्पा, त्यात चमक आणणारं केमिकल असते. नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप घ्या, मागचं काहीच दिसणार नाही इतके थर द्या. दिवा झाकून अंधाराचाही आकडा घ्या, तो पान अन् पांढरं दोन्हीतून वजा करा, मग पानाच्या आकड्याला पांढऱ्याच्या आकड्यानं भागा. खिडकीवर काळं कापड टाका.

एक गोष्ट सुटते नेहमी, पानातून पलीकडं गेलेला प्रकाश मागच्या पांढऱ्या शीटवरून परत येते, ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढं (डोळ्याला न दिसणारा प्रकाश) जास्तच. सुटं पान असेल तर खाली काळं ठेवा, चिकटवलेलं असेल तर चिकटवलेल्याशीच तुलना करा. पावसाळ्यात पान ओल धरते खरं, पण पाणी प्रकाश पिते ते मोठे खड्डे १४५० अन् १९४० नॅनोमीटरला, तुमचा सेन्सर ९४० लाच थांबते, सध्या त्याचा घोर नको.

एक पान वेगळं काढून ठेवा, रोज पहिलं अन् शेवटचं तेच मोजा. त्याचा आकडा हलला तर त्या दिवसाचे आकडे बाद.

अन् जुन्या शीटांना किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड लावलेलं असते, जहरच ते. हातमोजे घाला, हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका.