प्रोस्टेट ५४ ग्रॅम आणि रात्रीच्या चार फेऱ्या

प्रश्न: डॉक्टर, ह्यांचं वय ६४. रात्री चार-चार वेळा उठतात. दिव्याच्या बटणाचा आवाज आला की मलाही जाग येते, आणि मग बराच वेळ नुसती शांतता. धार सुरूच होत नाही म्हणतात, झाली तरी थेंब थेंब. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५४ ग्रॅम आलंय, रक्तातला पीएसए (प्रोस्टेटची तपासणी) ३.८. महिन्यापूर्वी टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली गोळी सुरू झाली, ह्यांचं म्हणणं काडीचा फरक नाही, बंदच करतो. एक स्नेही सॉ पामेटो ह्या वनस्पतीच्या कॅप्सूल घ्या म्हणतायत. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन पण आहे. ५४ म्हणजे कॅन्सरकडे चाललंय का?

उत्तर: ताई, आधी शेवटचं घेते. नाही. वयानुसार होणारी ही वाढ प्रोस्टेट ग्रंथीच्या आतल्या भागात होते, लघवीची नळी जिथून जाते तिच्याभोवतीच, आणि कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या भागात सुरू होतो. ह्या वाढीचा पुढे कॅन्सर होत नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, म्हणून पीएसए बघतात.

आता ५४ चं बघू. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते, म्हणजे वाढलीय हे खरं, पण आकडा आणि त्रास ह्यांचं गणित जुळत नाही. कुणाचं ३० ग्रॅममध्ये लघवी अडते, कुणी ८० घेऊन रात्रभर झोपतो. कारण नळी दोन प्रकारे आवळली जाते, एक तर मांस वाढून आणि दुसरं म्हणजे ग्रंथीतले आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू ताठ राहून. गोळीत दोन औषधं आहेत ती ह्यासाठीच. टॅम्सुलोसिन स्नायू सैल करतं, आठ-पंधरा दिवसांत कळतं. ड्युटास्टेराइड ग्रंथी हळूहळू लहान करतं, त्याला सहा महिने तरी द्यावे लागतात. महिन्यात बंद करणं म्हणजे पेरलं आणि आठवड्यात उकरून बघितलं तसं.

ह्या दुसऱ्या औषधाच्या जातीची गोष्ट मला फार आवडते. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची, तशीच वाढवली जायची आणि वयात येताना शरीर पुरुषाचं व्हायचं. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली ह्यावर लिहिलं. टेस्टोस्टेरॉन ह्या पुरुषी हार्मोनपासून डीएचटी हे प्रोस्टेट वाढवणारं हार्मोन बनवणारं एन्झाइम त्यांच्यात कमी होतं, आणि मोठेपणी त्यांचं प्रोस्टेट लहानच राहिलं. मग तेच एन्झाइम गोळीने रोखायचं ठरलं आणि १९९२ साली अमेरिकेत फिनास्टेराइडला मंजुरी मिळाली, ड्युटास्टेराइड त्याचंच भावंड. अर्थात सगळा दोष डीएचटीचा नाही, जुनाट सूज, लठ्ठपणा, डायबिटीस ह्यांच्याशीही संबंध दिसतो, पण कोण किती जबाबदार ह्यावर संशोधकांत अजून वाद चालूच आहेत.

दोन औषधं एकत्र कशाला, तर २००३ साली ३,०४७ पुरुषांचा एक मोठा अभ्यास आला, सरासरी साडेचार वर्षांचा. त्रास वाढत जायचा धोका डॉक्साझोसिनने (हे टॅम्सुलोसिनच्या जातीचं) ३९ टक्के, फिनास्टेराइडने ३४ टक्के आणि दोन्ही मिळून ६६ टक्के कमी झाला. लघवी पूर्ण अडणं किंवा ऑपरेशनची वेळ येणं मात्र एकट्या डॉक्साझोसिनने दीर्घकाळ टळलं नाही.

एक गोष्ट फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ड्युटास्टेराइडने सहा महिन्यांत पीएसए जवळपास निम्मा होतो. म्हणजे ह्यांचा ३.८ चा १.९ च्या आसपास यायला हवा. वर्षाने ३.५ आला तर लॅबच्या कागदावर नॉर्मल दिसेल, पण तो दुप्पट करून ७ धरायचा आणि लगेच डॉक्टरांना दाखवायचा. इथे बरेच जण फसतात.

मोतीबिंदूच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिन चालू आहे हे आधीच सांगा, त्याने बुबुळ ऑपरेशनमध्ये लुळं पडू शकतं. त्यांना माहीत असलं की ते तयारीने उतरतात. मनाने बंद करू नका, बंद करूनही हा धोका पूर्ण जात नाही.

सॉ पामेटोचे पैसे वाचवा. २०११ च्या अभ्यासात नेहमीच्या तिप्पट डोसपर्यंत देऊन बघितलं, नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त काही झालं नाही.

आणि चार फेऱ्यांचं खापर लगेच प्रोस्टेटवर फोडू नका. एक मापाचं भांडं घ्या आणि तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी वेळेसकट लिहा. रात्री उठून केलेली आणि सकाळी उठल्यावरची पहिली मिळून चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरली तर रात्री लघवी तयारच जास्त होतेय, आणि त्याचं कारण पायांची सूज, साखर, घोरणं किंवा झोपताना घेतलेलं पाणी असू शकतं. ते प्रोस्टेटच्या गोळीने कसं थांबणार? सर्दीची नाक मोकळं करणारी गोळीही विचारल्याशिवाय नको, तिने लघवी अडलेले पेशंट नेहमी येतात. तसं अडलं, रक्त आलं किंवा ताप आला तर लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न: दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, धार मस्त आहे पण संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर येत नाही. काही बिघडलं का?

उत्तर: नाही. ते उलटं मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं, ह्या ऑपरेशननंतर बहुतेकांचं असंच होतं. सुखाच्या भावनेत फारसा फरक पडत नाही. मूल हवं असेल तर मात्र वेगळा विचार करावा लागतो. हे तुम्हाला ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं होतं.